वाचक विचारतात: नकाशातला लाल रंग येतो कुठून?

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या ट्रॅफिकबद्दल लिहिताना मी "रस्त्यावरचा स्पीड वेगवेगळ्या सेन्सरची माहिती एकत्र करून काढतात" एवढं एक वाक्य टाकलं आणि पुढे सटकलो. वाचकांनी बरोब्बर तिथंच पकडलं. एवढे प्रश्न आले की या महिन्याचं सगळं सदर त्यावरच द्यावं लागतंय, वीजबिलवाले प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): सर, मी रोज खराडीहून हिंजवडीला कारनं जातो. निघताना मोबाईलवरचा नकाशा ५५ मिनिटं दाखवतो आणि लागतात ८०. माझ्याच बिल्डिंगमधला मित्र त्याच वेळी बाईकवर निघतो, त्याला ५५ च लागतात!! नकाशा फक्त बाईकवाल्यांसाठी बनवलाय का? आणि चौकाचौकात ते कॅमेरे लावलेत ते काय करतात मग?

उत्तर: तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त तुम्ही ते रागात लिहिलंय. नकाशाला स्पीड कळतो तो मुख्यतः लोकांच्या खिशातल्या फोनमधून. लोकेशन चालू असलेला फोन आपण कुठे आहोत हे थोड्या थोड्या वेळानं कळवत राहतो, दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले लागलेला वेळ म्हणजे स्पीड, आणि रस्त्याच्या एका तुकड्यावरच्या अशा सगळ्या फोनचं मिळून एक उत्तर. आता पुण्यात त्या फोनमधले बहुतेक फोन कुणाच्या खिशात असणार? टू-व्हीलरवाल्यांच्या. रस्ता मोकळा असेल तेव्हा काही फरक पडत नाही, सगळेच ४० नं जातात. पण जॅममध्ये बाईक फटीफटीतून, कधी फूटपाथवरूनसुद्धा (खोटं नका बोलू, तुमचा मित्रही जात असेल) पुढे सरकते. समजा १०० फोनपैकी ७० बाईकवर आहेत आणि त्या १५ नं चालल्यात, ३० कारमध्ये आहेत आणि त्या ५ नं. सरसकट सरासरी काढली तर येते १२. म्हणजे कारवाल्याला नकाशा सांगतो १२ आणि प्रत्यक्षात ५, आणि १२ नं तर रस्त्यावरचं कुणीच चाललेलं नाहीये.

यात गंमत अशी की फोन १०० चे १० हजार झाले तरी ही चूक कमी होत नाही, नेमकी तेवढीच राहते. आपल्याला वाटतं डेटा जास्त म्हणजे उत्तर जास्त बरोबर. पण चूक दोन प्रकारची असते. एक इकडेतिकडे होणारी, ती जास्त मोजमापं घेतली की आपोआप कमी होते, आणि दुसरी एकाच बाजूला झुकलेली, काट्याखाली चुंबक लावलेल्या तराजूसारखी, त्यावर हजार वेळा वजन केलं तरी भाजीवालाच जिंकणार.

मग यातून सुटका होते ती दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरमुळे, आणि इथे तुमचे कॅमेरे येतात. कॅमेऱ्याला समोरून जाणारी बाईक आहे, कार आहे की टेम्पो हे कळतं, फोनला ते थेट कळत नाही. उलट कॅमेऱ्याला त्याच्या समोरचे पन्नास-शंभर मीटर सोडून पुढे काय चाललंय याचा पत्ता नसतो, फोन अख्खा रस्ता फिरून येतो. म्हणजे कॅमेऱ्यानं सांगायचं की इथे बाईक किती आणि कार किती, दोघांचा वेग किती वेगळा, आणि ते प्रमाण वापरून फोनचा स्पीड सुधारून घ्यायचा. कॅमेऱ्याचे पण नखरे आहेत, जोराचा पाऊस आला, समोरून हेडलाईटचा झोत आला, की त्याला दिसत नाही. रडारला पाऊस आणि अंधार फारसा नडत नाही पण मोठ्या ट्रकच्या आड लपलेली स्कूटर त्याला दिसत नाही. प्रत्येकाचं खोटं बोलायचं स्वतःचं असं एक ठिकाण ठरलेलं असतं, आणि माझ्या मते हे सगळं शास्त्र म्हणजे कोण कुठे खोटं बोलतो याची वही नीट ठेवणं.

बाकी कॅमेरे एका खात्याचे, सिग्नल दुसऱ्या, फोनचा डेटा कंपनीकडे, हे सगळं एका टेबलावर येणं हे टेक्निकल काम कमी आणि सह्या-शिक्क्यांचं काम जास्त आहे. तोपर्यंत तुम्ही ५५ ला दीडनं गुणा, नाहीतर नकाशात कारऐवजी... नाही, काही नाही, दीडनंच गुणा.

प्रश्न (दादरहून एक वाचक): तुळशी पाईप रोडवर टॅक्सीत अडकलेलो असताना बाजूनं लोकल धडधडत जाते. त्या लोकलमधल्या हजारभर फोनना रस्ता मोकळा आहे असं वाटत नसेल का?

उत्तर: झकास प्रश्न! वाटू शकतं, म्हणून तर फोनचा बिंदू आधी "कुठल्या वाटेवर" बसवायचा हे ठरवावं लागतं. जीपीएसची चूक शहरात सहज पाच-दहा मीटरची, उंच बिल्डिंगांच्या मध्ये त्याहून जास्त, आणि सेनापती बापट मार्ग (म्हणजे तुमचा तुळशी पाईप रोडच) आणि रूळ तर खेटूनच आहेत. पण लोकल रस्त्यावरच्या सिग्नलला थांबत नाही, स्टेशनला थांबते, आणि एकाच क्षणी शेकडो फोन एकाच वेगानं जायला लागतात, असं रस्त्यावर कधी होत नाही. त्यावरून ते वेगळे काढता येतात. याहून अवघड केस म्हणजे जेजे फ्लायओव्हर, वर गाड्या ५० नं आणि खाली मोहम्मद अली रोडवर मुंगीच्या पावलानं, आणि नकाशावर दोन्ही रेघा एकावर एक. तिथे फोन पुलावर चढला होता की नव्हता हे मागचा-पुढचा रस्ता बघूनच ठरवायचं. त्या पुलावर टू-व्हीलरला बंदी आहे, म्हणजे फोन बाईकवर आहे एवढं ओळखता आलं तर तो खालीच आहे असं धरायला हरकत नाही. नियम मोडणारे धरून नाही, अर्थात.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाहून एक वाचक): मी गेली नऊ वर्षं रोज ८८० नंबरच्या हायवेवरून ऑफिसला जाते. इथे रस्त्यात चौकोनी चिरा पाडलेल्या दिसतात, त्यात सेन्सर असतात म्हणे. मग रस्त्यातच सेन्सर असताना फोनची भानगड कशाला?

उत्तर: ताई, तुम्ही ज्या रस्त्यावरून रोज जाता ना, तो या विषयातला एकदम गाजलेला रस्ता आहे, फोन विरुद्ध रस्त्यातला सेन्सर हा सामना तिथेच झालाय.

आधी त्या चिरा. डांबर किंवा काँक्रीट कापून त्या खोबणीत तारेचं वेटोळं पुरतात, त्याला म्हणतात लूप डिटेक्टर. वरून गाडीचं धातूचं पोट गेलं की तारेतल्या करंटमध्ये फरक पडतो आणि पेटीला कळतं "आली... गेली". कॅलिफोर्नियात हे सगळे लूप पेम्स नावाच्या सिस्टीमला जोडलेत, साधारण ४० हजार डिटेक्टर, दर ३० सेकंदाला आकडे. पण एकट्या लूपला स्पीड कळतच नाही!! त्याला दोनच गोष्टी कळतात, किती गाड्या गेल्या आणि किती वेळ डोक्यावर कुणीतरी होतं. स्पीड काढायचा तर गाडीची लांबी मनानं धरावी लागते. ३० सेकंदात १० गाड्या गेल्या, त्यातले ६ सेकंद लूप झाकलेला होता, गाडीची लांबी अधिक लूपची लांबी मिळून ६ मीटर धरली, तर ६ सेकंदात ६० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. ठीक. आता रात्री ट्रक वाढले आणि खरी सरासरी लांबी ९ मीटर झाली, पण आपण ६ च धरून बसलो, तर खरा स्पीड ५४ आणि आपण सांगणार ३६. रस्ता मोकळा, आणि बोर्डावर जॅम. दोन लूप पाठोपाठ पुरले तर पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला त्यावरून स्पीड नीट मिळतो, पण खर्च दुप्पट, आणि रस्ता खोदला, थर चढवला, पाणी शिरलं की वेटोळं गेलं कामातून. लूप दुरुस्त करायचा म्हणजे लेन बंद करायची, ते रोज कोण करणार, म्हणून कुठल्याही दिवशी बरेच लूप मेलेले असतात.

तर ८ फेब्रुवारी २००८ ला बर्कली विद्यापीठ, नोकिया आणि कॅलिफोर्नियाचं रस्ते खातं यांनी मिळून १०० गाड्या भाड्यानं घेतल्या, प्रत्येकीत नोकिया एन९५ फोन ठेवला आणि १६५ विद्यार्थ्यांना आळीपाळीनं ड्रायव्हर म्हणून बसवून हेवर्ड ते फ्रीमाँटच्या पट्ट्यात तुमच्या ८८० वर दिवसभर नुसत्या फेऱ्या मारायला लावल्या. नाव दिलं मोबाईल सेंच्युरी. विचार करा, तेव्हा आयफोन येऊन वर्षही झालं नव्हतं, फोनमध्ये जीपीएस असणं हीच नवलाई. त्या १०० गाड्या म्हणजे रस्त्यावरच्या एकूण गाड्यांच्या २ ते ५ टक्केच, आणि तेवढ्यात सगळ्या पट्ट्याचा स्पीड बऱ्यापैकी बरोबर मिळाला. त्या सकाळी खरोखरचा अपघात होऊन जॅम लागला, कुणी ठरवून केलेला नव्हता, आणि तो फोनवाल्या आकड्यांमध्ये स्पष्ट दिसला. प्रयोग करणाऱ्यांचं नशीब म्हणायचं (अपघातवाल्यांचं नाही).

मग लूप फेकून द्यायचे का? नाही. फोनला स्पीड कळतो पण एकूण गाड्या किती हे कळत नाही. पहाटे तीनला रस्त्यावर एकच फोन ३० नं चाललाय, हा जॅम आहे की कुणीतरी आरामात गाणी ऐकत चाललाय, हे फोन सांगू शकत नाही. लूप म्हणतो "गेल्या पाच मिनिटांत चार गाड्या", विषय संपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुढचा प्रोजेक्ट सुरू झाला, मोबाईल मिलेनियम, त्यात फोन, लूप, सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सी सगळं एकत्र करून स्पीड काढायला लागले. आणि नुसतं एकत्र नाही, मध्ये रस्त्याचं एक गणिती मॉडेल. ते महत्त्वाचं आहे कारण ट्रॅफिक पाण्यासारखं वागतं, हे १९५५ मध्ये लाईटहिल आणि व्हिटहॅम या गणितज्ञांनी मांडलंय. मोकळ्या रस्त्यावरची बातमी गाड्यांबरोबर पुढे जाते, पण जॅमची बातमी मागे येते, हायवेवर साधारण ताशी १५ किलोमीटरनं. म्हणजे तुमच्या पुढे एक किलोमीटरवरच्या लूपनं आत्ता ब्रेक दाखवला तर तो चार मिनिटांत मागे, तुम्ही आत्ता आहात त्या जागेपर्यंत येणार, मध्ये एकही सेन्सर नसला तरी. मधली रिकामी जागा भरायची ती अशी, दोन टोकांमध्ये रेघ मारून नाही.

प्रश्न (सांगलीहून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक वाचक): सर, माझा प्रोजेक्ट सांगली-मिरज रोडच्या स्पीडवर आहे. कॅमेऱ्यावरून स्पीड काढला ४०, माझ्या आणि मैत्रिणींच्या फोनवरून आला ३०. मी दोन्हीची सरासरी ३५ लिहिली तर गाईड म्हणाले "का?" आणि मला उत्तर देता आलं नाही 😐 आणि यात न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम) लावू का?

उत्तर: गाईड चांगले आहेत तुझे, भांडू नको.

पहिली गोष्ट, दोन्ही आकडे कदाचित बरोबरच असतील! तू ४० काढला तो एका जागेवरून जाणाऱ्या गाड्यांच्या वेगांची साधी सरासरी, आणि ३० आला तो प्रवासाला लागलेल्या वेळावरून. दोन गाड्या घे, एक ६० ची, एक २० ची. साधी सरासरी ४०. पण एक किलोमीटर जायला पहिलीला १ मिनिट लागतं आणि दुसरीला ३, म्हणजे २ किलोमीटरला ४ मिनिटं, म्हणजे ३०. हा फरक ट्रॅफिकचा अभ्यास करणाऱ्या वॉर्डरॉपनं १९५२ मध्येच मांडलाय आणि अजून दरवर्षी निम्मे प्रोजेक्ट त्यातच गाळात जातात. जागेवरचा आकडा प्रवासाच्या आकड्यापेक्षा नेहमी जास्तच येतो, फार तर सारखा. म्हणून आधी कॅमेऱ्याच्या वेगांची हार्मोनिक मीन (म्हणजे आत्ता काढली तशी, वेळावरून येणारी सरासरी) काढ, मगच दोघांना शेजारी बसव. द्राक्षं आणि बेदाणे एकाच काट्यावर घालून सरासरी काढत नाहीत हे सांगलीत मी काय सांगणार.

दुसरी गोष्ट वजनांची. हे सगळं करूनही समजा आकडे वेगळेच राहिले, कॅमेरा ४० आणि त्याची चूक साधारण ४ ची, फोन ३० आणि चूक २ ची. मग ज्याची चूक कमी त्याचं ऐकायचं जास्त, आणि किती जास्त तर चुकीच्या वर्गाच्या उलट. कॅमेऱ्याला १/१६, फोनला १/४, म्हणजे फोनचं वजन चौपट. उत्तर ३२, आणि त्याची चूक १.८ च्या आसपास, म्हणजे दोघांपेक्षाही कमी. हेच दर मिनिटाला करत गेलीस, मागच्या मिनिटाच्या अंदाजालाच एक सेन्सर समजून त्यालाही वजन दिलंस, की झाला कालमन फिल्टर. कालमननं १९६० मध्ये मांडला, नाव ऐकून पोरं घाबरतात, मुळात एवढंच आहे.

पण एक लक्षात ठेव, हे गणित दोघांच्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या आहेत असं धरून चालतं. तू तुझ्या फोनचा डेटा घेतलास आणि वर तोच फोन ज्याला माहिती देतो त्या नकाशाचा आकडा घेतलास तर तो दुसरा साक्षीदार नाही, नवरा-बायकोला वेगवेगळं बोलावून जबाब घेतल्यासारखं आहे. शहर बसचा जीपीएस मिळाला तर नक्की घे पण स्टॉपवरचा वेळ काढून टाक, विश्रामबागला बस थांबली म्हणजे जॅम नव्हे. आणि न्यूरल नेटवर्कबद्दल विचारलंस शेवटी... लाव की, पण आधी हे करून बघ आणि नेटवर्क याच्यापेक्षा किती बरं निघालं ते लिही. बहुतेकजण हे लिहीतच नाहीत.

प्रश्न (न्हावाशेवा-चाकण मार्गावर तीन ट्रेलर असलेले एक वाचक): एक्स्प्रेसवेला २०२४ पासून कॅमेरे लावून सरासरी स्पीडवर चलान येतं. मग फास्टॅग आहेच की सगळ्यांकडे, खालापूरला किती वाजता आणि तळेगावला किती वाजता हे कळतंच, त्यावरून घाटात जॅम आहे का हे आधीच का सांगत नाहीत? आमचा डिझेलचा खर्च वाचेल.

उत्तर: करता येतं, दोन नाक्यांवर एकच टॅग दिसला की मधला वेळ मिळाला, आणि टॅगला गाडीचा प्रकारही माहीत असतो, त्यामुळे पुण्यातल्या वाचकाची बाईक-कारची भानगड इथे नाही. ते गरजेचंही आहे, कारण बोरघाटात भरलेला ट्रेलर आणि रिकामी कार यांची सरासरी काढली तर ती दोघांच्याही उपयोगाची नाही.

चहाचा प्रश्न मात्र आहे. चलानवाल्यांच्या दृष्टीनं तुमचा ड्रायव्हर फूडमॉलला थांबला तर सरासरी स्पीड कमी झाला, आनंद आहे. ट्रॅफिक मोजणाऱ्याच्या दृष्टीनं तो मिसळ खात असलेला अर्धा तास म्हणजे घाटातला जॅम दिसतो. म्हणून सरासरी न घेता मधला आकडा घेतात, म्हणजे वेळा चढत्या क्रमानं लावून बरोब्बर मधली, आणि एकदम लांबच्या वेळा बाजूला काढतात.

पण खरी अडचण पुढे आहे आणि ती लोकांच्या लक्षात येत नाही. नाक्यावरचा वेळ तेव्हाच कळतो जेव्हा गाडी पोचते. समजा ९ वाजता घाटात दरड आली किंवा टँकर आडवा झाला आणि रस्ता पूर्ण बंद. ९:१० ला पलीकडच्या नाक्यावर कोण पोचतंय? जे बंद व्हायच्या आधी निघून गेले ते, मोकळ्या रस्त्यानं, मस्त वेळात. म्हणजे जॅम जितका वाईट तितका हा सेन्सर म्हणतो "सगळं छान". आणि मग एकही गाडी येईनाशी होते, तेव्हा सिस्टीम म्हणते डेटा नाही. अडकलेल्या गाड्यांचे वेळ कळतात ते त्या सुटल्यावर, म्हणजे जॅम संपल्यावर! फोन किंवा ट्रकला लावलेला जीपीएस नेमका इथे उपयोगी, तो अडकलेल्या गाडीतूनच ओरडतो, "मी हललेलो नाही". तुमच्या तीन ट्रेलरना ट्रॅकर असेलच, पुढचा कुठे उभा आहे ते बघून मागच्याला फोन करता ना, वेगवेगळ्या सेन्सरची माहिती एकत्र करायची ती हीच, याला म्हणतात सेन्सर फ्यूजन, फक्त बिल न देता.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): हे सगळं म्हणजे मी कुठे जातो हे कुणालातरी कळतंय, त्याचं काय?

उत्तर: कळू शकतं, म्हणून वर सांगितलेल्या त्या ८८० च्या प्रयोगात फोन दर काही सेकंदाला कळवत नव्हते. नकाशावर ठरावीक ठिकाणी अदृश्य रेघा आखल्या होत्या, फोनला फक्त त्या रेघा माहीत, रेघ ओलांडली की "इथून या वेगानं गेलो" एवढंच पाठवायचं, कोण गेलं ते नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रेघच नसेल तर घर कळायचा प्रश्न नाही. सगळ्या कंपन्या असं करतात असं समजू नका. लोकेशनची परवानगी "फक्त अ‍ॅप वापरताना" वर ठेवा, एवढं हातात आहे.

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक): कुणीतरी हातगाडीत फोन भरून नकाशावर खोटा जॅम केला होता, खरं का? की व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठ?

उत्तर: खरं आहे. बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकारानं जुने ९९ फोन एका छोट्या हातगाडीत घालून रस्त्यावरून चालत ओढले आणि रिकामा रस्ता गूगलच्या नकाशावर लाल झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचा व्हिडिओ आला तेव्हा गूगलनं सांगितलं की भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा देशांत आम्ही कार आणि बाईक वेगळ्या ओळखायला लागलोय, हातगाडीचं मात्र अजून जमलेलं नाही. म्हणजे पुण्याच्या वाचकांनी धीर धरावा, काम चालू आहे. आणि त्या रस्त्यात एक साधा लूप असता आणि त्याचं कुणी ऐकलं असतं तर तो म्हणाला असता की ९९ गाड्या म्हणताय, माझ्या डोक्यावरून एकही गेली नाही. तुम्ही रंकाळ्यावर करून बघणार असाल तर मला कळवू नका.